लाहौलच्या बर्फात अम्मांचं ‘आज नाही’

बर्फ म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? भाड्याने घेतलेले रंगीबेरंगी कोट, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, एकमेकांवर फेकलेले गोळे आणि परत आल्यावर पाहुण्यांना दाखवायचे फोटो. आपण पावसाच्या मुलखातली माणसं. आभाळ कुंद झालं, की दोरीवरचे कपडे आत घ्यायचे हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढायला लागलं, की आमच्या सांगलीत बायका न बोलता धान्याचे डबे माळ्यावर चढवतात. २००५ साली चढवले, २०१९ साली पुन्हा चढवले. पाण्याची चाल आपल्याला कळते. बर्फाची मात्र कळत नाही, कारण त्याच्याशी आपण कधी संसार केलेला नाही.

ज्यांनी तो केला आहे, अशा बायकांच्या मुलखात आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाऊन आलो. हिमाचल प्रदेशातलं लाहौल. मनालीच्या डोक्यावर रोहतांगची खिंड आहे, जवळजवळ चार हजार मीटर उंच. तिच्या पलीकडे चंद्रा नदीचं हे खोरं. पूर्वी नोव्हेंबरच्या सुमारास खिंड बंद झाली, की थेट मे महिन्यापर्यंत लाहौल जगापासून तुटलेलं असायचं. अगदीच नड असली तर माणसं पायी खिंड ओलांडायची, आणि त्यांच्यासाठी अलीकडे मढीला आणि पलीकडे कोकसरला मदतीची ठाणी असायची. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि हे सगळं पालटलं. नऊ किलोमीटरचा बोगदा. अलीकडे देवदाराची झाडी, पलीकडे उघडेबोडके पांढरे डोंगर. मधे जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. गाडीत बसल्याबसल्या शेंगदाण्याची पुडी संपते ना संपते तोच आपण दुसऱ्या जगात!

सोय झाली हे खरंच. आजारी माणसाला दवाखान्यात नेता येतं, बाळंतिणीला हेलिकॉप्टरची वाट बघत बसावं लागत नाही. पण त्याच रस्त्याने आपणही भर हिवाळ्यात तिथे जाऊन पोहोचतो, ज्यांना त्या डोंगरांबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नाही.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, नुकतेच नोकरीला लागलेले चिरंजीव आणि माझ्या बहिणीचा मुलगा. ही दोन पोरं म्हणजे सह्याद्रीची भुतं. हरिश्चंद्रगड, रतनगड, रायगड, काही सोडलेलं नाही. आम्ही उतरलो सिस्सूला, एका घरगुती मुक्कामात. गाव नदीकाठच्या सपाटीवर पसरलेलं, समोर पलीकडच्या कड्यावर थिजून गेलेला धबधबा, आणि चहूबाजूंनी डोंगर असे की मान मागे टाकून बघावं लागतं.

घर अम्मांचं. सगळं गाव त्यांना अम्मा म्हणतं, म्हणून आम्हीही म्हटलं. वय पासष्टीचं, गालांवर उन्हाने आणि थंडीने पडलेली तांबूस जाळी, बोलणं थोडकं. घराच्या मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं. सगळा हिवाळा सगळं घर त्या एका खोलीत असतं. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, आणि हात रिकामे असले की विणकाम तिथेच. लाहौली बायका मोजे आणि हातमोजे विणतात, रंगीत नक्षीचे. या विणकामाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, आपल्या पैठणीला आहे तसंच. मी सुया हातात घेऊन बसले तेव्हा अम्मांची कळी जरा खुलली. “बहनजी, आपके यहाँ भी बुनते हैं?” म्हणाल्या. आमच्याकडे थंडीच पडत नाही, हौसेला विणतो, असं सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांना पाणी आलं.

पोचलो त्या रात्रीपासून बर्फ लागला. दोन दिवस दोन रात्री. पावसाचा कसा आवाज असतो, पत्र्यावर असो की पन्हळीत. बर्फाचा आवाजच नाही. उलट नेहमीचे आवाजसुद्धा तो गिळून टाकतो. कुत्र्याचं भुंकणं कापसात गुंडाळल्यासारखं येतं. दर काही तासांनी अम्मांचा धाकटा मुलगा आणि सून लाकडी फावडी घेऊन गच्चीवर चढायची आणि बर्फ खाली लोटायची. तिथली घरं सपाट छपरांची, बर्फ साठू दिला तर छप्पर बसायचं. पोरांनी हौसेने हात लावला आणि अर्ध्या तासात दमून खाली आली. रस्ता बंद झाला, वीज गेली. आम्ही शेगडीभोवती बसून लोणी घातलेला खारा चहा प्यायलो. पहिला पेला औषध म्हणून, दुसरा चवीने.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि काय सांगू! आभाळ नीलमण्यासारखं निळं, वाऱ्याचं नाव नाही, आणि सगळा डोंगर नुकत्याच वाळत घातलेल्या चादरीसारखा लखलखीत. एकही पाऊल उमटलेलं नाही. घरामागे एक मोकळा उतार वर चढत गेला होता, झाड नाही, खडक नाही. पोरांनी चहा उभ्याउभ्याच घेतला. “आई, आम्ही जरा त्या उताराच्या टोकापर्यंत जाऊन येतो. दीड तासात परत. वरून खोऱ्याचा फोटो काय येईल!” भाच्याने बुटाच्या नाड्या आवळल्यासुद्धा. आमचे हे म्हणाले, “हवा किती छान आहे आज. जाऊ दे की.”

अम्मा शेगडीत लाकूड सारत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “आज नहीं.”

पोरांना वाटलं, म्हातारी माणसं असं म्हणायचीच. चिरंजीवांनी आर्जवाने विचारलं, “अम्मा, बर्फ तर थांबला. आता कसली भीती?” त्यावर अम्मा उठल्या, दारात आल्या आणि म्हणाल्या, “बर्फ पडत होता तोवर तुम्ही घरात होता. म्हणून भीती नव्हती. भीती आजपासून.”

बायांनो, या विषयातली पहिली गोष्ट हीच. आपल्याला वाटतं, वादळ धोक्याचं आणि निरभ्र दिवस सुखाचा. बर्फाच्या डोंगरात मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले एक-दोन दिवस फार घातकी. नवा थर पडलेला असतो, तो खालच्या थराला अजून धरून बसलेला नसतो, वाऱ्याने कड्यांच्या आडोशाला ढीग रचलेले असतात आणि वर ऊन पडलं, की त्या सगळ्याचं बळ आणखी सैल होतं. आणि नेमक्या त्याच दिवशी माणसांचे पाय शिवशिवतात.

मग अम्मांनी आम्हाला १९७९ सालचा मार्च सांगितला. त्या तेव्हा लग्न होऊन नुकत्याच सासरी आलेल्या. बर्फ लागला तो थांबेचना. गच्चीवरून लोटलेला बर्फ खिडक्यांच्या वर गेला, दारातून बाहेर पडायला बोगदा खणावा लागला. सासऱ्यांनी सगळ्यांना, गुरांनासुद्धा, मोठ्या खडकाच्या आडोशाला असलेल्या चुलतघरी हलवलं. एकेका खोलीत पंधरा-पंधरा माणसं. “मग डोंगर यायला लागले,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या महिन्यात लाहौलच्या खोऱ्यात हिमस्खलनांखाली दोनशेहून अधिक माणसं गेली. काही ठिकाणी घरंच्या घरं. कोण गेलं, कोण राहिलं, याचा निरोप या गावातून त्या गावात पोचायला कितीतरी दिवस लागले. अम्मांच्या माहेरचंही एक घर त्यात गेलं. हे सांगताना त्यांच्या हातातल्या सुया थांबल्या नव्हत्या. मी मात्र विणायची थांबले होते.

पोरं गप्प झाली होती, पण पटलेलं नव्हतं. तरुण माणसाला दुःख सांगून थांबवता येतं ते घटकाभरच. त्याला कारण लागतं. ते दिलं अम्मांच्या धाकट्या मुलाने. तो मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत शिकून आलेला. “चला, तुम्हाला डोंगराच्या पोटात काय आहे ते दाखवतो,” म्हणाला आणि फावडं घेऊन आम्हाला घरामागच्या अगदी मंद उतारावर, मोकळ्या सुरक्षित जागी घेऊन गेला. तिथे त्याने छातीइतका खोल खड्डा खणला, त्याची एक भिंत सरळ तासली आणि म्हणाला, “हात लावून बघा.”

मैत्रिणींनो, मी ती भिंत बघितली आणि मला चकल्यांच्या डब्यातले कागद लावून रचलेले थर आठवले! बाहेरून एकसारखा पांढरा दिसणारा बर्फ आतून थराथरांचा होता. सगळ्यात वर दोन दिवसांचा नवा, पिंजलेल्या कापसासारखा. त्याखाली वाऱ्याने दाबून बसवलेला, खरवसासारखा घट्ट. त्याखाली बोटभर जाडीचा कडक पापुद्रा, कधीतरी ऊन पडून वितळला आणि रात्री पुन्हा गोठला तो. आणि अगदी तळाशी, जमिनीलगत, चक्क जाड साखर! मुठीत घेतली तर गोळा होईना, बोटांच्या फटींतून सांडत होती. सगळा हिवाळा तिथे लिहून ठेवलेला होता, कुठल्या आठवड्यात ऊन पडलं, कधी वारा सुटला, कधी कोरडी थंडी होती.

ही साखर होते कशी, तेही त्याने सांगितलं. बर्फाखालची जमीन तशी ऊबदार असते, शून्य अंशाच्या आसपास. वर रात्रीची हवा उणे पंधरा. मधे बर्फाचा थर. खालची वाफ थरातून वर वर जात राहते आणि जाताजाता बर्फाचे बारीक कण मोडून त्यांचे मोठे, चकाकते, एकमेकांना न धरणारे दाणे करते. गंमत अशी, की बर्फ जितका कमी तितकं हे जास्त होतं, कारण पातळ पांघरुणातून थंडी लवकर आत येते. म्हणजे सुरुवातीला थोडाच बर्फ पडून बरेच दिवस कोरडी थंडी राहिली, की तळाला ही साखर तयार होते, आणि मागून पडणारा सगळा बर्फ तिच्या डोक्यावर बसतो. पृष्ठभागावरही असंच एक संकट तयार होतं. निरभ्र थंड रात्री बर्फावर पिसांसारखं दव गोठतं, जुन्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पांढरा कीस जमतो ना, तसं. दिसायला अतिशय सुंदर. त्यावर नवा बर्फ पडला, की ती पिसं आत गाडली जातात आणि कित्येक दिवस, कधी आठवडे, कच्चा सांधा बनून राहतात.

घरी करून पाहण्यासारखं आहे. ताटात जाड साखर पसरा, वर गार झालेली भाकरी ठेवा आणि ताट हळूहळू कलतं करा. भाकरी काही वेळ जागची हलत नाही. आपल्याला वाटतं, पक्की बसली आहे. आणखी जरासं कलतं केलं, की ती तुकड्यातुकड्याने नाही, अख्खीच्या अख्खी घसरते. सर्वांत घातक हिमस्खलन असंच असतं. आणि माणूस त्या भाकरीच्या मधोमध उभा असतो. भेग बहुधा त्याच्या वरच्या अंगाला पडते, त्यामुळे पळून जायला जागा राहत नाही. डोंगरात हौसेने गेलेल्या लोकांच्या अपघातांत दहांपैकी नऊ वेळा तो थर खुद्द सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनानेच सुटलेला असतो.

मग त्या मुलाने भिंतीतून फूटभर रुंद आणि फूटभर लांब असा एक चौकोनी खांब मोकळा केला, त्याच्या डोक्यावर फावडं आडवं ठेवलं आणि वरून थापट्या मारू लागला. आधी दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून, अशी ती पद्धत. मनगटाच्या दहा झाल्या, काही नाही. कोपराची तिसरी पडली, आणि वरचा सगळा थर सुरीने कापलेल्या वडीसारखा सपकन पुढे सरकून आमच्या पायांशी पडला. कुणी काही बोललं नाही. भाचा हळूच म्हणाला, “मावशी, म्हणजे आम्ही दोघं जण...”

“दोन माणसांचं वजन या थापटीपेक्षा पुष्कळ जास्त आहे,” तो मुलगा म्हणाला. आणि आणखी एक सांगितलं, ते मी मुद्दाम लिहून ठेवलं. “हा खड्डा ‘धोका आहे’ असं सांगू शकतो. ‘धोका नाही’ असं तो कधीच सांगत नाही. इथून पन्नास पावलांवर थर वेगळे असतील.”

उतार किती असला की भ्यायचं, असं यांनी विचारलं. तीस अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंतचा सगळ्यात वाईट. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, थोडाथोडा गळत राहतो. त्याहून मंद उतारावर तो सहसा सुटत नाही. चौकोनी रुमालाची तिकोनी घडी घातली, की तिचा उतार पंचेचाळीस अंशांचा. तोच काटकोन तिघांत वाटला, की तीस. म्हणजे पाहा, आपल्या घरातल्या जिन्याइतका चढ. ‘फार काही उभं नाही, मजेत चढता येईल,’ असं ज्या उताराकडे बघून वाटतं, नेमका तोच. शिवाय आपण स्वतः सपाटीवर असून भागत नाही. आपल्या डोक्यावर काय आहे, तेही पाहायचं. वर जाणाऱ्या पट्ट्यात आजूबाजूला झाडं आणि मधेच एक मोकळी वाट असेल, किंवा झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली, फांद्या मोडलेली असतील, तर ती वाट दरवर्षी बर्फ उतरायची आहे असं समजावं. लाहौलमधली जुनी घरं बघितलीत, तर ती या वाटा सोडून, खडकाच्या नाहीतर उंचवट्याच्या आड बांधलेली दिसतात. ती जागा कुणा वास्तुतज्ज्ञाने काढून दिलेली नाही. पिढ्यान्पिढ्यांनी मोजलेली किंमत आहे ती.

पोरांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. त्या दिवशी आम्ही गावातल्या गावात फिरलो, देवळापर्यंत गेलो, थिजलेल्या धबधब्याचे फोटो काढले. तिसऱ्या प्रहरी नदीपलीकडच्या एका घळीतून पांढरा धूर उठला. आधी दिसला, मग काही वेळाने दूरच्या मालगाडीसारखा घरघराट आला. गावातल्या कुणी मान वर करून पाहिलं, कुणी तेही नाही. ती घळ दरवर्षी वाहतेच.

आणि घरामागचा तो उतार? तिथून आम्ही असेपर्यंत काहीच आलं नाही. निघायच्या दिवशीही तो तसाच होता, गुळगुळीत, पांढरा. चिरंजीव गमतीने म्हणालेच, “अम्मा, बघा, काही झालं नाही. गेलो असतो तर चाललं असतं.” अम्मा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “चाललंही असतं. म्हणून तर माणसं मरतात.”

प्रवासभर मी त्या वाक्याचा विचार करत होते. दूध उतू गेलं, की पुढच्या वेळी आपण गॅसपाशी उभं राहतो. चूक लगेच दिसते, म्हणून शहाणपण येतं. बर्फाचा उतार असं शिकवत नाही. दहा वेळा चुकीचं वागलं तरी नऊ वेळा तो काहीच करत नाही, आणि माणूस त्यालाच आपला अनुभव म्हणतो. दहाव्या वेळी धडा मिळतो, तो शिकायला आपण उरू याचा नेम नाही. आमच्या पोरांचा सगळा अनुभव सह्याद्रीचा. सह्याद्रीचा कडा काल होता तिथेच आज असतो. हिमालयावरचा बर्फ मात्र रोज नवा असतो. गेल्या वर्षी गेलो होतो, किंवा काल तिथून लोक गेले, हा तिथे पुरावाच नाही.

खोटं वाटत असेल तर अलीकडची चार उदाहरणं सांगते. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू-ला खिंडीच्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच होता, आणि लोक पुढे पंधराव्या मैलाकडे गेले होते. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर दोन पोलिश स्कीपटू दगावले. ते तर बर्फाच्या देशातून आलेले! ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी सापडली. त्यात शिकणारे होते तसे शिकवणारेही होते. आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचा तळ गाडला गेला. पन्नासाहून अधिक माणसं होती, आठ गेली. बाकीची वाचली, त्यांतली बरीच लोखंडी कंटेनरच्या खोल्यांत होती म्हणून.

शेवटच्या गोष्टीवरून बर्फाखाली काय होतं ते कळावं. हातात घेतला की भुरभुरणारा हा बर्फ घसरून थांबला, की सिमेंटसारखा बसतो. एक मीटर लांब, रुंद, उंच एवढ्या ढिगाऱ्याचं वजन पाच क्विंटलच्या आसपास. आत सापडलेल्याला बोट हलवता येत नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर दहांपैकी नऊ जण जगतात. अर्ध्या तासाला हाच आकडा तीनवर येतो. गावातून मदत बोलवायला एवढा वेळ कुठला? वाचवणारे म्हणजे बरोबरचेच सोबती. म्हणूनच असं जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तीन वस्तू हव्यात असं मानतात: बर्फाखालून खूण देणारं आणि ती शोधणारं छोटं यंत्र, खुपसून पाहायची घडीची लांब काठी, आणि फावडं. एकाकडे असून उपयोग नाही, आणि वापरायचा सराव नसेल तर असून नसल्यासारखंच.

सियाचेनवर २०१६ च्या फेब्रुवारीत सोनम ठाण्यावर दहा जवान गाडले गेले. त्यांतला एक सहा दिवसांनी जिवंत सापडला आणि सगळ्या देशाने देव पाण्यात ठेवले, पण तोही वाचला नाही. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक होता. या मुलांना जागा निवडता येत नाही आणि दिवसही निवडता येत नाही. आपल्याला दोन्ही निवडता येतं. फोटोसाठी हा हक्क का सोडून द्यायचा?

बर्फाला जाऊच नका, असं मी म्हणत नाही. अवश्य जा, लाहौलसारखा मुलूख डोळ्यांनी बघावा असाच आहे. पण घरून निघताना लोकरीच्या कपड्यांची यादी आपण करतो, तशी ही चार कामंही यादीत घाला.

हवामान खात्याच्या इशाऱ्याबरोबर हिमस्खलनाचा इशाराही पाहावा. मनालीला १९६९ साली संरक्षण खात्याने हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था काढली. २०२० पासून ती ‘डीजीआरई’ या नव्या संस्थेत सामील झाली आहे. हिवाळ्यात तिचे इशारे निघतात आणि जिल्ह्याचे अधिकारी ते जाहीर करतात.

मोठा बर्फ पडून गेल्यावर निदान दोन दिवस उतारांपासून लांब राहावं. मार्च-एप्रिलात दुपारच्या उन्हात बर्फ ओला होऊन सुटतो, तेव्हा जायचं ते सकाळी, आणि दुपारच्या आत परत. पाय ठेवल्यावर बर्फातून ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पायांपासून भेग पळत गेली, तर आल्या पावली, मंद उताराच्या बाजूने माघारी फिरावं. डोंगराने याहून स्पष्ट काय सांगायचं?

रस्ता बंद म्हणून पोलिसांनी अडवलं, तर ओळखी काढू नयेत, ड्रायव्हरला जास्तीचे पैसे दाखवू नयेत. गाडी उताराखाली उभी करून चहा-भजी खाऊ नयेत.

आणि मुलं हिवाळी ट्रेकला निघाली, की ‘किती पैसे लागतील’ याच्याआधी त्यांना विचारावं: नेणारा माणूस बर्फाचं शिक्षण घेतलेला आहे का? ती तीन साधनं प्रत्येकाजवळ आहेत का? आणि बेत रद्द करून माघारी आणायची वेळ आली, तर ते ठरवणार कोण? शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नयेत.

निघताना अम्मांनी माझ्या हातात मोज्यांची एक जोडी ठेवली, लाल-हिरव्या नक्षीची. पैसे घेईनात. मी पिशवीतून आमची हळद आणि भडंगाचं पाकीट काढून दिलं, तेव्हा हिशेब मिटला. त्यांची सून पुन्हा फावडं घेऊन गच्चीवर चढत होती, कारण पश्चिमेला ढग जमायला लागले होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आम्ही उशीर न करता बोगद्याकडे निघालो.